साडेसहा फेरे

बोटीवर नोकरी करतो म्हटलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, कंटाळा येत नाही का? दुसरा, वादळात सापडलात का कधी, आणि लाट केवढी होती? दुसऱ्याचं उत्तर ऐकायला मंडळी खुर्ची पुढे ओढतात आणि मी त्यांची निराशा करतो. लाटेची उंची मला खरंच सांगता येत नाही. लॉगबुकात आकडा लिहावा लागतो, म्हणून लिहितो. सहा मीटर, आठ मीटर. पण पहाटे चार वाजता काचेवर पाणी आणि वायपर यांपलीकडे काही दिसत नसताना केलेला तो अंदाज असतो. हवामानाच्या नकाशावर जी उंची छापतात, तीही एका लाटेची नसते. सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. नकाशावर आठ मीटर असेल तर काही तासांत एखादी पंधरा-सोळा मीटरची येऊन जाणार, हे त्या आकड्यातच धरलेलं आहे. १ जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रातल्या ड्रॉपनर या गॅस प्लॅटफॉर्मवर लेसरने २५.६ मीटरची लाट मोजली, तेव्हा आसपासच्या समुद्राची ही सरासरी १२ मीटरच्या आसपास होती. त्याआधी खलाशी असल्या लाटांच्या गोष्टी सांगायचे आणि जमिनीवरचे लोक हसून विषय बदलायचे.

माझ्या लक्षात राहतो तो आवाज. चाळीस नॉटपर्यंत वारा शिट्टी मारतो. पन्नासच्या पुढे तो आवाज खाली उतरतो, जाड होतो, आणि मास्टपासून रेलिंगपर्यंत प्रत्येक लोखंडी वस्तू आपापल्या सुरात घरघरायला लागते. ब्यूफोर्टच्या मापात १० म्हणजे ४८ ते ५५ नॉट आणि १२ म्हणजे ६४ च्या वर. कागदावर दोनच पायऱ्यांचं अंतर. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ४५ चा वारा ६४ वर गेला की दाब दुप्पट. आणि या सगळ्याच्या वर स्लॅमिंग. बोटीचं नाक लाटेच्या माथ्यावरून पाण्याबाहेर निघतं, क्षणभर हवेत राहतं आणि मग तळ सपाट पाण्यावर आदळतो. पोलादी पट्टी टेबलाच्या काठाला दाबून टिचकी मारली की जशी थरथरते, तशी १९० मीटरची बोट थरथरते. तुम्ही बंकवर असाल तर दात वाजतात. तेवढ्यात मागचा पंखा पाण्याबाहेर येतो, इंजिन एकदम हलकं होऊन धावायला लागतं, वेग राखणारा गव्हर्नर त्याला आवरतो. मग शांतता. ही शांतता सगळ्यांत वाईट, कारण पुढचा आदळा केव्हा येणार हे तुम्ही मोजायला लागता. आणि मोजायला लागलात की झोप गेली.

माझं पहिलं वादळ बिस्केच्या उपसागरातलं, मी कॅडेट होतो तेव्हाचं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण बराचसा वेळ मी बादलीला मिठी मारून होतो. डोळे सांगतात केबिनच्या भिंती जागच्या जागी आहेत, कानाच्या आतला तोल सांगणारा भाग म्हणतो छे, आपण पडतोय. या भांडणात पोट मध्ये सापडतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या कॅप्टनने मला ब्रिजवर बोलावून घेतलं. "उलटी कर, पण वॉचवर उभं राहून कर." तेव्हा तो मला राक्षस वाटला. पण क्षितिजाकडे बघत उभं राहिलं की डोळ्यांना आणि कानांना एकच गोष्ट दिसते, आणि कोरडी बिस्किटं तोंडात टाकत राहिलं तर पोट निदान रिकामं राहत नाही. तिसऱ्या दिवशी मी जेवलो. एका जुन्या एबीने, म्हणजे अनुभवी खलाशाने, गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफ जॅकेट कोंबून दाखवलं, म्हणजे गादी आणि भिंत मिळून घळ तयार होते आणि माणूस त्यात रुतून झोपतो. हे कुठल्याही पुस्तकात शिकवत नाहीत. मी आजही तसाच झोपतो.

पुढे हळूहळू कळत गेलं की वादळात बोट कशी वागणार हे बंदरात माल भरतानाच बरंचसं ठरलेलं असतं. लोहखनिज भरलं की सगळं वजन तळाशी. बोट ताठ होते, एका बाजूला कलली की झटक्याने परत उभी राहते, आठ-नऊ सेकंदांत पूर्ण हेलकावा. कपाटं उघडतात, माणसं फेकली जातात, लॅशिंग तुटतात. उलट वजन वरती असेल तर बोट आळसावून कलते, वरच्या टोकाला थोडी थांबते, मग सावकाश परत येते. प्रवाशाला हे हेलकावे मऊ वाटतील. मला ती थांबलेली दोन सेकंदं अजिबात आवडत नाहीत. पाठीमागून येणाऱ्या लाटांचा ताल आणि बोटीच्या हेलकाव्याचा ताल जुळला, तर झोपाळ्याला वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं आणि पाच-सहा लाटांत बोट दहा अंशांवरून तिसावर जाते. अशा वेळी इलाज एकच: वेग बदला, नाहीतर दिशा बदला, पण लवकर बदला.

टायफूनांबद्दल माझ्याकडे थरारक काही नाही, कारण त्यांच्यापासून आम्ही पळतो. उष्ण कटिबंधात बॅरोमीटरचा काटा दिवसातून दोनदा घड्याळासारखा वर-खाली होत असतो. तो ताल सुटला, आणि नेहमीच्या आकड्यापेक्षा ५ हेक्टोपास्कलने खाली आला, की वाद घालायचा नाही. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभं राहा, वादळाचं केंद्र तुमच्या उजव्या हाताला, थोडं मागे. त्याच्या वाटेच्या उजव्या अंगाला सापडू नका. दोन दिवस लांबचा फेरा पडला तरी चालेल. एकदा आम्ही दक्षिणेला इतके खाली गेलो की टायफूनऐवजी निळं आकाश आणि उडते मासे पाहत बसलो, आणि किनाऱ्यावरून रोज एक ईमेल यायचा की इंधन इतकं कसं लागलं.

हिवाळ्यातला उत्तर पॅसिफिक मात्र पळू देत नाही. तिथली कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक रांगेत येतात, जपानकडून अल्यूशियन बेटांकडे, आणि त्यांतलं एखादं चोवीस तासांत चोवीस हेक्टोपास्कलने किंवा त्याहूनही जास्त खोल जातं. हवामानवाले अशाला 'बॉम्ब' म्हणतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून गहू भरून आम्ही पश्चिमेला निघालो होतो, डिसेंबरात. बोट १९० मीटर लांब, ३२ मीटर रुंद, माल भरायची पाच होल्ड, चार क्रेन, आणि मी चीफ ऑफिसर. म्हणजे माल, डेक आणि डेकवरचं प्रत्येक झाकण माझ्या नावावर.

दुपारच्या हवामानाच्या फॅक्सवर आमच्या पुढ्यात समभाररेषा इतक्या जवळ आल्या होत्या की बोटाचा ठसा वाटावा. कॅप्टनने तो कागद चार्ट टेबलावर ठेवला, मला म्हणाला, "अंधार पडायच्या आत पुढचं सगळं बांधून घ्या. रात्री मी कोणाला डेकवर पाठवणार नाही." बारीक चणीचा, कमी बोलणारा माणूस.

बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तीन एबी आणि कॅडेटला घेऊन मी चार तास डेकवर होतो. नांगराला साखळीच्या स्टॉपरखेरीज वायरचं जास्तीचं लॅशिंग. साखळी जिथून खाली लॉकरमध्ये उतरते त्या पाइपांची तोंडं सिमेंटने बंद. हॅच कव्हरचे, म्हणजे होल्डवरच्या झाकणांचे, सगळे क्लीट ठोकून पाहिले. गँगवे, दोर, रंगाचे डबे, ऑक्सिजनची नळकांडी, सगळं बांधलं. मागच्या अकोमोडेशनपासून, म्हणजे राहायच्या जागेपासून, नाकावरच्या फोकसलपर्यंत डेकवर दोन्ही बाजूंनी जीवनदोर ताणले. आणि व्हेंटिलेटर. बोटीच्या अगदी पुढे, फोकसलवर, खालच्या बोसन स्टोअरला, म्हणजे दोर-रंगाच्या कोठीला, हवा देणारे दोन व्हेंटिलेटर असतात, डेकपासून जेमतेम छातीपर्यंत येणारे, अळंबीसारखी टोपी असलेले. टोपीवर एक चाक. चाक फिरवलं की आतली झडप बसते. झडप बाहेरून दिसत नाही. बोसनने चाकं फिरवली, मी यादी हातात घेऊन मागून गेलो आणि प्रत्येक चाकाला स्वतः हात लावून पाहिला. उजवीकडचं चाक हललं नाही. घट्ट होतं. मी टिक केली.

रात्री आग्नेयेचा वारा पस्तीस होता, मध्यरात्रीनंतर पन्नास. बॅरोमीटर सकाळी १००९ होता, दुसऱ्या दिवशी सकाळी ९६८. मग फ्रंट, म्हणजे उबदार आणि थंड हवेमधली सीमा, आमच्यावरून गेला. पंधरा मिनिटं वारा पडला, पाऊस उभा सरळ पडायला लागला, आणि वायव्येकडून जे आलं त्याची तुलना मला आधीच्या कशाशी करता येत नाही. समुद्राचा रंग गेला. वाऱ्याच्या दिशेने फेसाच्या लांब पांढऱ्या पट्ट्या, आणि लाटांचे माथे तुटून त्यांची वाफ उडालेली. जुनी आग्नेयेची लाट आणि नवी वायव्येची लाट एकमेकींत घुसली की मध्ये पाण्याचा मनोराच उभा राहायचा, येत नव्हता की जात नव्हता, जागच्या जागी उठून कोसळायचा.

कॅप्टनने आपण कुठे जायचंय हे विसरून जायला सांगितलं. इंजिन चार नॉटांपुरतं, लाट उजव्या नाकाच्या बाजूने पंचवीस अंशांवर, हँड स्टिअरिंग. जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवत होता १.२, कधी ०.३. असे दीड दिवस आम्ही एकाच जागी उभे राहून प्रवास केला. मेसच्या टेबलांवर ओल्या चादरी अंथरल्या होत्या, म्हणजे ताटं घसरत नाहीत, पण ताटात ठेवायला शेफ काही शिजवूच शकत नव्हता. ब्रेड आणि उकडलेली अंडी, तीही मुठीत धरून खायची. बाकीचा दिवस म्हणजे हाताने काहीतरी पकडून राहणं. हे कोणी सांगत नाही: वादळात सगळ्यांत जास्त दुखतात ते दंड आणि पोटऱ्या. उभं राहणं हेच काम होऊन बसतं. भीती वाटत नाही असं नाही, पण ती इतकी लांबते की कंटाळ्यासारखी वाटायला लागते.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, माझ्या वॉचवर, ब्रिजच्या मागच्या पॅनेलवर एक दिवा पेटला आणि बझर वाजला. बोसन स्टोअर, पाण्याची पातळी.

हा अलार्म बल्क कॅरियरवर, म्हणजे आमच्यासारख्या सुटा माल वाहणाऱ्या बोटींवर, २००४ पासून सक्तीचा झाला. पहिल्या होल्डच्याही पुढे असलेल्या कोरड्या जागांत दहा सेंटिमीटर पाणी झालं की तो ब्रिजवर बोंबलतो. तो का बसवला गेला हे आमच्या पिढीला माहीत असतं. ९ सप्टेंबर १९८० ला 'डर्बीशायर' नावाची २९४ मीटरची बोट, खनिज भरून जपानला जाताना ऑर्किड टायफूनमध्ये सापडली आणि मदतीचा एकही संदेश न पाठवता ४४ माणसांसह नाहीशी झाली. अवशेष सापडायला १९९४ उजाडलं, चार किलोमीटर खोल पाण्यात. आधीच्या तपासात म्हटलं गेलं की खलाशांनी पुढच्या स्टोअरचं झाकण नीट बंद केलं नसावं. मेलेली माणसं उत्तर देऊ शकत नाहीत. नातेवाईक आणि संघटना लढत राहिल्या, चौकशी पुन्हा उघडली, आणि २००० साली निकाल आला की दोष खलाशांचा नव्हता. लाटांनी फोकसलवरचे व्हेंटिलेटर आणि एअर पाइप मोडले, तिथून तासन्‌ तास पाणी पुढच्या भागात शिरत राहिलं, नाक खाली बसलं, नाक बसल्यामुळे आणखी मोठ्या लाटा डेकवर चढल्या, आणि अखेर पहिल्या होल्डचं झाकण पाण्याच्या भाराखाली आत गेलं. नंतर दुसऱ्याचं. मागे राहत असलेल्या माणसांना पुढे काय चाललंय ते कळण्याचा मार्गच नव्हता.

आम्हाला कळलं होतं. दिव्याकडे बघत मी तेच आठवत होतो, आणि सोबत माझी टिक.

कॅप्टन आला. खरं तर तो ब्रिजच्या सोफ्यावरच पडून होता, उठला. मागून, इंजिनरूममधून, ईडक्टर लावून स्टोअरचं पाणी उपसायची सोय असते. ते चालू केलं. वीस मिनिटांनी दिवा विझला, आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर बहुतेक हसलो असतो. पावणेसहाला पुन्हा पेटला. मग विझलाच नाही. ईडक्टर पाणी ओढेना. तळाशी जाळीच्या डब्यात चिंध्या अडकल्या असणार, स्टोअरमध्ये चिंध्यांची पोती होती.

मी म्हणालो, "मी आणि बोसन जातो."

"आत्ता गेलात तर परत याल असं वाटतं?" त्याने समोर बोट दाखवलं. सर्चलाइटच्या उजेडात फोकसल दिसत नव्हतं. होतं ते पाणी. मग त्यातून दोन्ही बाजूंनी धबधबे सुटत वर येणारं लोखंड, आणि लगेच पुन्हा पाणी. एक घनमीटर समुद्राचं पाणी म्हणजे एक टनाहून थोडं जास्त. तिथे एका वेळी शे-दोनशे टन चढत होतं. "उजाडू दे. मग वळवतो. पाठ दिली की पुढचं डेक कोरडं होईल."

पाठ देणं ऐकायला सोपं. नाकावर घेतलेली लाट शेपटीवर घ्यायची तर मध्ये बोट लाटेला आडवी होणार, आणि आडव्या बोटीला लाट लोळवू शकते. त्यात पोटात गहू. गहू पाण्यासारखा वाहतो. होल्ड गच्च भरलेलं असलं तरी प्रवासात दाणा बसतो आणि वर थोडी पोकळी राहतेच. एकदा तो एका अंगाला सरकला की परत येत नाही.

आठ नंतर राखाडी उजेड आला. कॅप्टन समोरच्या रेलिंगला धरून उभा राहिला आणि मोजायला लागला. सातवी लाट मोठी असते असं म्हणतात, तसं काही नसतं. पण मोठ्या लाटा तीन-चारच्या घोळक्याने येतात आणि घोळका गेला की मिनिटभर, कधी दोन मिनिटं, समुद्र जरा दम खातो. तो दम किती वेळ टिकतो हे तो पाहत होता. पन्नास मिनिटं पाहत होता. दोनदा मला वाटलं आता, आणि दोनदा त्याने नुसतंच नाक खाजवलं. इंजिनरूमला फोन करून सांगून ठेवलं, दहा मिनिटं मी मागेन ते द्या, प्रश्न नंतर विचारा. सगळ्यांना अकोमोडेशनमध्ये जमिनीवर बसायला सांगितलं.

नऊ चाळीसला तिसरी मोठी लाट नाकाखालून गेली आणि तो म्हणाला, "हार्ड अ पोर्ट. फुल अहेड." सुकाणू पूर्ण डावीकडे, इंजिन पूर्ण जोरात. इंजिनाचा जोर सुकाणूवर पाणी मारण्यापुरता हवा होता, बोटीने वेग पकडण्यापुरता नको. नाक फिरायला लागलं, भयंकर सावकाश. तीस अंश. पन्नास. लाट उजव्या अंगाला आली. पहिलीने आम्हाला वीसवर कलवलं. दुसऱ्या वेळी मी कल दाखवणाऱ्या क्लिनोमीटरकडे पाहिलं, काटा बत्तीसवर होता आणि तिथे थांबला. चार्टरूममधली सगळी पुस्तकं एका दमात खाली आली. हेल्म्समन व्हीलला लटकून अंश वाचत होता, त्याचा आवाज एकदाही चढला नाही, याबद्दल मी त्याला नंतर कधी काही बोललो नाही आणि बोलायला हवं होतं. काटा परतला. वारा उजव्या खांद्यामागे गेला, मग पाठीमागे, आणि आवाज बंद झाला.

म्हणजे बंद झाला नव्हता. वारा तेवढाच होता. पण आपण त्याच्या सोबतीने निघालो की तो निम्मा वाटतो. फोकसल उघडं पडलं, ओलं, चकाकणारं, रिकामं.

अकोमोडेशनपासून फोकसलपर्यंत साधारण एकशे चाळीस मीटर. हार्नेस जीवनदोराला अडकवून आम्ही निघालो, मी पुढे, बोसन मागे. डेकवर पोटरीभर पाणी इकडून तिकडे वाहत होतं. दुसऱ्या क्रेनच्या खालची लोखंडी शिडी कोणीतरी कागदासारखी दुमडून ठेवली होती. फोकसलवर चढलो. दोन्ही व्हेंटिलेटर जागेवर होते, शाबूत. हे मला अपेक्षित नव्हतं. मोडलेलं असतं तर बरं वाटलं असतं.

बोसनने उजवीकडच्या टोपीखालून हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं. "उघडा आहे, सर."

चाक मी पुन्हा धरलं. घट्ट. टिक केली तेव्हा होतं तितकंच घट्ट. मग उलट्या बाजूला जोर लावला आणि ते फिरलं. डावीकडचा घड्याळाच्या दिशेने बंद होत होता, उजवीकडचा घड्याळाच्या उलट. टोपीवर बाण असणार, पण त्यावर वर्षानुवर्षांच्या रंगाचे थर. बोसनने त्या दुपारी दोन्ही चाकं एकाच दिशेने, टोकापर्यंत, इमानदारीत फिरवली होती. एक झडप बंद झाली, दुसरी पूर्ण उघडली. आणि पूर्ण उघडलेली झडपही बंद झडपेसारखीच घट्ट लागते. मी फेरे मोजत होतो, का ते माहीत नाही. साडेसहा.

खाली स्टोअरमध्ये पाणी मांडीपर्यंत. मुरिंगचे दोर, चपला, रंगाचे डबे, एक झाडू, सगळं एकत्र तरंगत एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जात होतं. बोसन सरळ आत उतरला, पाण्याखाली वाकून जाळीच्या डब्यातून चिंध्यांचा लगदा उपसला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी वॉकीटॉकीवर ईडक्टर लावायला सांगितला आणि पाण्यावर भोवरा धरलेला पाहिला. दारं लावून, क्लीट ठोकून, परत निघालो. सगळं मिळून चोवीस मिनिटं.

ब्रिजवर कॅप्टनने विचारलं, "काय होतं?"

मी सांगितलं. टिक मी केली होती हेही सांगितलं.

"हात लावून पाहिलं होतं?"

"हो. घट्ट होतं."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बुडालो असतो तर लिहिलं असतं, खलाशांनी बंद केला नव्हता." आणि लॉगबुक ओढून घेऊन वेळ, कल, किती फेरे आणि कुठल्या दिशेने, सगळं स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

सहा तास आम्ही पाठ देऊन उलटे, आलो त्याच वाटेने परत गेलो. वारा चाळीसच्या खाली आला तेव्हा पुन्हा वळलो, या वेळी कोणी श्वासही रोखला नाही. संध्याकाळी बोट भाड्याने घेतलेल्या कंपनीच्या वतीने ईमेल आला: बोट पूर्वेकडे का जात आहे, कृपया खुलासा करा. कॅप्टनने मला खुलासा लिहायला सांगितला आणि तिथेच सोफ्यावर झोपला, बूट काढून. त्या दोन दिवसांत त्याने बूट काढलेले मी पहिल्यांदा पाहिले.

समुद्र शांत झाल्यावर बोसन आणि मी चिपिंग हॅमर घेऊन बोटीवरच्या प्रत्येक व्हेंटिलेटरची टोपी खरवडली. बहुतेकांवर बाण सापडला. तिघांवर नव्हताच. त्यांच्यावर फिटरने वेल्डिंगने बाण काढून दिला, जाड, रंगाखालीही बोटाला लागेल असा. माझ्या हाताखालच्या कॅडेटने विचारलं, यादीत आता काय लिहायचं, 'घट्ट' की 'बंद'? नव्या बोटीवर गेलो की पहिल्याच आठवड्यात मी फोकसलवर जातो, टोपीखालून हात घालतो आणि दुसऱ्याला चाक फिरवायला सांगतो. झडप बोटांना लागेपर्यंत हात काढत नाही. नवे बोसन सुरुवातीला गालात हसतात.